सागरतीरीचे विश्रामधाम : निसर्गाशी सख्य की निसर्गाचे सोंग?

सुखाच्या शोधात निघालेल्या माणसाने समुद्राकाठी चार दिवस राहावे ही इच्छा आजची नव्हे, आणि ती निंद्य तर मुळीच नव्हे. ज्यांच्या डोळ्यांस वर्षाचे कित्येक महिने उन्हाने भेगाळलेली काळी जमीनच दिसते, त्यांस क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी पाहावेसे वाटले तर त्यात नवल ते काय? आमचे भांडण या इच्छेशी नाही. या इच्छेच्या भांडवलावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोकण व गोमंतक यांच्या किनाऱ्यांवर ज्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्यांच्या जाहिरातींत 'निसर्गाच्या कुशीत', 'निसर्गाशी एकरूप' असली विशेषणे अक्षतांसारखी उधळलेली असतात, त्या इमारतींशी व त्या विशेषणांशी आमचे भांडण आहे.

पूर्वी धर्मशाळा बांधणारा आपल्या इमारतीस धर्मशाळाच म्हणत असे. तीस तो पर्णकुटी म्हणत नसे. आजचे विश्रामधाम, ज्यास सर्वत्र 'रिसॉर्ट' म्हणण्याचा प्रघात पडला आहे, ते मात्र असते एक आणि म्हणविते दुसरे. वर सिमेंटचा सपाट स्लॅब, त्यावर शोभेपुरत्या झावळ्या. लोखंडी खांब, त्यांस बाहेरून बांधलेल्या बांबूच्या कामट्या. दारात मातीचा रांजण, परंतु पिण्याचे पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत. आणि मधोमध निळ्या फरशीचा तरणतलाव, तोही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. निसर्गाशी सख्य ही इमारतीच्या अंगावर चढवावयाची वस्त्रे नव्हेत. ती तिची वागणूक आहे. म्हणून समुद्राकाठच्या कोणत्याही घराची परीक्षा त्याच्या छपराकडे पाहून करू नये. त्यास चार प्रश्न विचारावेत. ते उभे कोठे आहे? ते पाणी कोठून घेते व कोठे सोडते? रात्री ते किती उजेड पाडते? आणि ते येण्यापूर्वी ज्या वाटेने गाव समुद्रावर जात असे, ती वाट त्याने मोकळी ठेवली आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे चोख असतील तर वर कौले असोत की पत्रा, आमची तक्रार नाही. ती नसतील, तर कोकणातील सगळ्या माडांच्या झावळ्या आणून वर घातल्या तरी ते सोंगच होय.

आता कोणी म्हणेल, की तुम्ही धर्माबादेस बसून या गोष्टी कशास सांगता? मिरचीचे भाव सांगा, गोदावरीचे पूर सांगा. ज्या गावास पूर्वेचा व पश्चिमेचा हे दोन्ही समुद्र सारखेच दुरापास्त, त्याने किनाऱ्यावरच्या घरांविषयी बोलणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय. या आक्षेपास आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की या इमारती किनाऱ्यावरच्या लोकांच्या पैशावर चालत नाहीत. त्या पाहुण्यांच्या पैशावर चालतात. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीत ज्या मोटारी घाट उतरून कोकणात जातात, त्यांत मराठवाड्यातील कुटुंबेही असतात, आणि त्या कुटुंबांस जे आवडेल असे मालकास वाटते तेच तेथे बांधले जाते. जो पैसा मोजतो त्यास हिशेब मागण्याचा अधिकार असतो.

दुसरे उत्तर असे, की बांधकाम आणि पाणी यांचे नाते आम्हांस कोणी शिकवावयास नको. आमच्याच तालुक्यात बाभळी येथे गोदावरीवर बंधारा आहे. त्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षे तंटा चालला, आणि अखेर २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या निकालान्वये १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावयाचे, आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खालच्या अंगास सोडावयाचे. ज्या मुलखात दरवाजे केव्हा उघडावेत व केव्हा लावावेत हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनास तारखांनिशी ठरवून द्यावे लागते, त्या मुलखातील माणसास एवढे तरी खचित कळते, की पाण्याजवळ बांधलेली भिंत ही बांधणाराची खाजगी बाब कधीच नसते. तिच्या वरच्या व खालच्या अंगास कोणी ना कोणी असतेच.

आता पहिला प्रश्न, जागेचा. दिवेआगर, गुहागर, केळशी, दापोलीजवळचे मुरूड, यांपैकी कोणत्याही जुन्या गावी जाऊन पाहावे. गावातून एक लांब रस्ता किनाऱ्यास समांतर जातो. घरे त्या रस्त्याकडे तोंड करून बसलेली असतात. समुद्राच्या बाजूच्या घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे केवड्याचे बन, त्यापलीकडे वाळूचे उंचवटे, आणि मग पुळण व समुद्र. म्हणजे ज्या लोकांनी शेकडो वर्षे समुद्राचा शेजार केला, त्यांनी घर बांधताना समुद्राकडे पाठ केली! त्यांस सूर्यास्ताची आवड नव्हती असे नव्हे. सूर्यास्त पाहावयास ते चालत पुळणीवर जात. परंतु जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा वारा, त्याच्याबरोबर येणारे खारे तुषार, आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस, ज्याच्या तिसऱ्या हिश्शावर आमचे वर्ष निभते, यांच्यापुढे छाती काढून उभे राहण्यात पुरुषार्थ नाही हे त्यांस ठाऊक होते. जांभ्या दगडाचा उंच चौथरा, उतरते कौलारू छप्पर, भिंतींवर पाऊस येऊ न देणारी खोल पडवी, आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार वाहणारा वारा, एवढी त्यांची वास्तुविद्या होती.

त्या वाळूच्या उंचवट्यांवर एक वेल पसरलेली असते. तिची पाने आपट्यासारखी दुभंगलेली, फुले जांभळी. ती खाऱ्या वाळूत मुळे रोवीत सरपटत जाते आणि वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवते. समुद्राच्या भरतीची रेघ जेथे संपते तेथे ती सुरू होते, आणि म्हणूनच आमच्या भाषेने तीस मर्यादवेल असे नाव दिले. ज्या भाषेने एका वेलीच्या नावातच बांधकामाचा सर्व कायदा सांगून ठेवला, त्या भाषेत आज 'समुद्राभिमुख खोली' हा शब्द सर्वांत महाग विकला जावा, हे विपरीत नव्हे काय?

समुद्राभिमुख खोलीसाठी प्रथम मर्यादवेल व केवडा उपटला जातो, वाळूचा उंचवटा सपाट होतो आणि त्यावर हिरवळ लावली जाते. मग पश्चिमेकडे काचेची भिंत. दुपारी तीन वाजता पश्चिमेचे ऊन आणि पाण्यावरून परतणारी तिरीप ही दोन्ही त्या काचेतून आत येतात, तेव्हा पडदे ओढावे लागतात, आणि वातानुकूलनाचे यंत्र लावावे लागते. ज्या समुद्रासाठी अधिक पैसे मोजले, तो पडद्याआड जातो! स्लॅबची दशा याहून वाईट. खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमधून आत झिरपून लोखंडी सळईपर्यंत पोहोचतात. सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगते, आणि फुगलेली सळई काँक्रीट फोडून बाहेर येते. पुढे भरतीचे पाणी हिरवळीपर्यंत येऊ लागले म्हणजे मालक दगडी संरक्षक भिंत बांधतो. वाळूच्या उतारावर लाट चढते, दमते व परतते; भिंतीवर ती आपटते, आणि परतताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. भिंतीपुढची पुळण याप्रमाणे खचते, भिंतीच्या दोन्ही टोकांस शेजाऱ्याची जमीन कापली जाते, आणि मग शेजारीही भिंत बांधतो. अशा रीतीने एकाच्या सूर्यास्ताची किंमत सगळा गाव भरतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढले. त्या एका दिवसात हजारो नारळी-पोफळी उन्मळून पडल्या, छपरे उडाली. त्यापुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळाने तोच किनारा पुन्हा झोडपला. पोफळ लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तेव्हा एका वाडीचे मोडणे म्हणजे एका कुटुंबाची अर्धी पिढी मोडणे होय. जुनी घरे वादळात पडली नाहीत असे आम्ही म्हणत नाही, तीही पडली. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या किनाऱ्यास अशा वादळांची भीती आहे तेथे वाळूचा उंचवटा ही पहिली तटबंदी असते. आणि ती खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी पाडणाऱ्यास शिल्पज्ञ म्हणावयाचे की किल्लेदाराशी फितूर झालेला शत्रूचा माणूस, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि आमच्या मते हा सर्वांत गंभीर. समुद्राकाठच्या वाळूत विहीर खणली तर गोडे पाणी लागते, यास पूर्वीचे लोक ईश्वरी कृपा मानीत. शास्त्राने त्याचा उलगडा केला आहे. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे जमिनीखाली त्यावर तरंगत राहते. गायबेन व हर्झबर्ग या दोघा युरोपीय संशोधकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी या तरंगण्याचे गणित मांडले. त्याचा सारांश असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असेल, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी असते. हा हिशेब उलटा वाचला म्हणजे त्यातील भय कळते. वरची पातळी एक फूट उतरली, तर खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर चढू पाहते! बैलाचा रहाट दिवसभर पाणी काढी व रात्री थांबे. त्या अवधीत विहीर भरून येई. विजेच्या पंपास बैलासारखी दमण्याची अक्कल नाही. तरणतलाव, हिरवळ, आणि प्रत्येक खोलीमागे न्हाणीघर, इतक्यांस तो अहोरात्र पाणी पुरवितो, आणि एखाद्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतील विहिरीचे पाणी मचूळ लागू लागते. वाडीवाला विहीर खोल करतो. पाणी आणखी खारे होते. शेळी जाते जिवानिशी, आणि खाणारा म्हणतो वातड!

हे वाचून ज्या वाचकांस ही लहानशी गोष्ट वाटेल, त्यांस आम्ही लातूरची आठवण देतो. २०१६ च्या मार्चमध्ये त्या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या जिल्ह्यांनी पाण्याची आगगाडी पाहिली, त्या जिल्ह्यांतील सुशिक्षित कुटुंबाने दोन महिन्यांनी समुद्राकाठी जावे, समुद्र समोर असता दुसऱ्याच्या विहिरीच्या पाण्याने भरलेल्या तलावात डुंबावे, आणि त्यास निसर्गाचा सहवास म्हणावे, यात जी विसंगती आहे तिचे वर्णन करावयास आम्हांस शब्द सापडत नाही. बाभळीच्या दरवाजांस तारखा आहेत. किनाऱ्यावरच्या पंपास तारीख कोण लावून देणार?

पाणी घेण्याइतकेच पाणी सोडणे महत्त्वाचे. कोकणातील जुन्या घरी न्हाणीचे पाणी केळींस व अळवास जाई. ते वाया जात नसे आणि साचतही नसे. वाळूत शोषखड्डा खणून त्यात मैलापाणी सोडले की ते दिसेनासे होते, एवढ्यावर आजचा बांधणारा समाधान मानतो. परंतु वाळू पाणी लवकर पिते व लवकरच पुढे देते. जे डोळ्यांआड झाले ते शेजारच्या विहिरीआड झालेच असे नव्हे.

तिसरा प्रश्न उजेडाचा. मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे; नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेल. त्याच्या पुळणीवर हिवाळ्यात समुद्री कासविणी रात्री वर येतात, वाळूत खळगा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, आणि खळगा बुजवून परत जातात. पन्नासेक दिवसांनी पिले बाहेर पडतात. त्यांस समुद्र कोणीकडे हे सांगावयास आई नसते. जिकडे क्षितिज अधिक उजळ तिकडे समुद्र, एवढेच ज्ञान घेऊन ती जन्मतात. ज्या किनाऱ्यावर मानवाचा दिवा नव्हता, त्या किनाऱ्यावर हे ज्ञान कोट्यवधी वर्षे पुरले. आता किनाऱ्यावर पांढऱ्याशुभ्र दिव्यांची रांग लागली की पिले समुद्राकडे पाठ करून हिरवळीकडे चालू लागतात, आणि सकाळी कावळ्यांच्या व कुत्र्यांच्या तोंडी पडतात. रात्रीचा काळोख हाही निसर्गाचाच एक भाग आहे, किंबहुना समुद्राकाठी तो फार मोठा भाग आहे, ही गोष्ट जाहिरात लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसते. चांदणे दाखविण्याचे आमिष दाखवून पाहुण्यास बोलवावयाचे, आणि मग इतके दिवे लावावयाचे की चांदणे दिसूच नये!

वेळासची गोष्ट आम्ही केवळ काळोखासाठी सांगितली नाही. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून पिले समुद्रात जाताना पाहण्याचा उत्सव भरू लागला. पाहुणे आले, त्यांची सोय कोठे झाली? गावातील लोकांच्या घरी. पाहुण्याने ओटीवर निजावे, घरच्या माणसांबरोबर भात-आमटी जेवावी, पहाटे पुळणीवर जावे. नवी इमारत लागली नाही, तरणतलाव लागला नाही, आणि पैसा गावातच राहिला. समुद्रतीरीच्या विश्रामधामाची उत्तम योजना कोणती, असे आम्हांस कोणी विचारील तर आम्ही म्हणू, की जे घर आधीच उभे आहे त्यात एक खोली स्वच्छ करणे ही पहिली योजना. नवे बांधणे ही दुसरी.

चौथा प्रश्न वाटेचा. आणि येथे एका थोर शिल्पज्ञाचे नाव घेणे प्राप्त आहे. चार्ल्स कोरिया यांचा जन्म १९३० मध्ये सिकंदराबादेस झाला, म्हणजे ज्या हैदराबाद संस्थानात धर्माबादही होते त्याच संस्थानात. घराचे रूप हवामानातून निघाले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी जन्मभर शिकविले व आचरिले. केरळातील कोवळम येथील त्यांचे विश्रामधाम टेकडीच्या उतारास बिलगून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते, आणि खालची पुळण मोकळी राहते. श्रीलंकेतील जेफ्री बावा यांनीही असाच धडा घालून दिला. सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याशी हॉटेल बांधण्याचा बेत त्यांनी पालटविला, आणि ते दूर कंदलमा येथे, खडकाच्या कड्यास धरून, झाडावेलींनी झाकले जाईल अशा रीतीने उभारले. शिल्पज्ञाचे पहिले कर्तव्य मागे सरणे हे आहे, असे या दोघांच्या कृती सांगतात.

परंतु शिल्पज्ञाचे शील मालकाच्या लोभापुढे किती टिकते, हेही पाहावयास हवे. पणजीजवळ दोनापावल येथे वायंगिणीच्या पुळणीवर कोरिया यांनीच रचलेले सिदाद द गोवा हे हॉटेल १९८२ च्या सुमारास उभे राहिले. पुढे त्या हॉटेलाचा विस्तार झाला, आणि त्यात गावकऱ्यांची पुळणीवर जाण्याची वहिवाटीची वाट अडली. प्रकरण न्यायालयात गेले. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की समुद्रकिनारा ही सर्व जनतेची ठेव आहे, सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, आणि वाट अडविणारे बांधकाम पाडले पाहिजे. मग काय झाले? त्याच वर्षी राज्य सरकारने भूसंपादनाचा कायदा दुरुस्त करून ते बांधकाम वाचविण्याचा खटाटोप केला! ज्या विश्वस्तास न्यायालयाने त्याचे कर्तव्य समजावून सांगितले, तोच विश्वस्त ठेव बुडविणाऱ्याचा वकील झाला. यावरून आम्ही हा बोध घेतो, की सुंदर रचना ही वाटेची हमी नव्हे. वाट ही वाट म्हणूनच राखावी लागते.

कायद्याची कथा या एका प्रकरणापुरती नाही. १९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जागा मोकळी ठेवावयास सांगितले. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यास कायद्याचे रूप आले. तेव्हा ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बांधकामास वर्ज्य ठरले. २०११ मध्ये ही अधिसूचना नव्याने निघाली. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यापुरते हे अंतर ५० मीटरांवर आणले, आणि पाहुण्यांसाठी तात्पुरत्या सोयी तर भरतीच्या रेषेपासून दहा मीटरांवरही चालतील असे ठरविले. ५००, २००, ५०, १०, हे आकडे वाचकांनी एकापुढे एक ठेवून पाहावेत. समुद्र याच अवधीत मागे गेला आहे काय? शास्त्रज्ञ तर त्याची पातळी चढत असल्याचे सांगतात. पाणी पुढे येत असता मर्यादा मागे न जाता पुढे यावी, हे कोणत्या गणितात बसते?

आता प्रतिपक्षाचे दोन आक्षेप. पहिला असा, की कोकणी माणूस गरीब आहे, त्याचे तरुण मुंबईस जातात; त्याच्या दारी रोजगार येत असता दुरून आलेल्यांनी नाके मुरडू नयेत. आक्षेप प्रामाणिक आहे, आणि रोजगारास आमचा विरोध नाही. परंतु ज्याच्या आजोबांची वाडी होती त्यास त्याच वाडीत चहाची बशी उचलावयास ठेवणे, हा रोजगार की पदावनती? वेळाससारख्या गावी घरधनी हा घरधनीच राहतो. विहीर खारी झाली, पुळण खचली, वाट बंद झाली, म्हणजे पाहुणा दुसरा किनारा शोधतो. गावकऱ्यास दुसरा गाव नसतो.

दुसरा आक्षेप असा, की तुम्ही जुन्याचे भाट आहात. हा आरोप मराठवाड्यातील माणसावर तरी कोणी करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती आमच्या जुन्या घरांखालीच. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड धाबे. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच घर भूकंपात थडगे झाले. जुने ते सोने हे वाक्य त्या पहाटेनंतर आम्ही उच्चारीत नाही. परंतु पुढे काय झाले तेही पाहावे. बावन्न गावे मूळ जागेवरून उठवून नवी वसविली गेली. सरळ रेषांत आखलेले रस्ते, एकसारखी घरे. ती सुरक्षित होती, पण त्यांत अंगण, ढाळज, गुरांची जागा, शेजार यांचा विचार पुष्कळ ठिकाणी झाला नाही, आणि लोकांनी पुढे पत्रे व पाले जोडून आपल्या हातांनी ती राहण्याजोगी केली. तेव्हा जुने की नवे हा वादच खोटा. घर ज्या भूमीवर उभे राहावयाचे ती भूमी काय करते, पाणी काय करते, वारा काय करतो आणि तेथील माणूस दिवसभर काय करतो, एवढे ज्याने विचारले त्याचे घर खरे.

या कसोटीने समुद्राकाठी नवे विश्रामधाम बांधावयाचेच असेल तर ते कसे असावे, हे सांगणे कठीण नाही. ते वाडीच्या मागे, रस्त्याच्या अंगास असावे; पुढचा वाळूचा उंचवटा, केवडा व मर्यादवेल यांस हात लावू नये. उंची माडाच्या निम्म्याहून अधिक नसावी. चौथरा जांभ्याचा, छप्पर उतरते, पडवी खोल, खिडक्या समोरासमोर असाव्यात. कोकणावर इतका पाऊस पडत असता छपराचे पाणी टाकीत साठविले नाही तर तो करंटेपणा होय. पंप तासांत मोजून चालवावा आणि विहिरीची गोडी दरमहा तपासावी. तरणतलाव नसावा, कारण समोर समुद्र आहे. न्हाणीचे पाणी केळीस जावे. दिवे खाली वाकलेले, मंद व तांबूस असावेत, आणि कासवांच्या ऋतूत पुळणीकडचे दिवे विझवावेत. पुळणीवर जाणाऱ्या वाटेस फाटक नसावे. आणि भर पावसाळ्यात, कोळी जशी होडी ओढून ठेवतो तसे, त्यानेही काही आठवडे दार लावून घ्यावे व भूमीस विसावा द्यावा.

असे घर बांधणारे निघतील काय? ते सर्वस्वी पाहुण्यांवर अवलंबून आहे. आमच्या वाचकांपैकी जी कुटुंबे येत्या सुटीत समुद्रावर जाणार असतील, त्यांनी इसाराचे पैसे पाठविण्यापूर्वी मालकास चार प्रश्न विचारावेत: भरतीच्या रेषेपासून तुमची भिंत किती दूर? पाणी कोणत्या विहिरीचे, आणि सांडपाणी कोठे जाते? रात्री पुळणीवर तुमचा उजेड पडतो काय? गावची वाट मोकळी आहे काय? उत्तर येईपर्यंत पैसे आपल्याच खिशात ठेवावेत. एका कुटुंबाच्या विचारण्याने मालक हसेल. शंभरांनी विचारले तर तो पुढची खोली बांधण्यापूर्वी मोजपट्टी काढील. समुद्राची मर्यादा वेलीने सांगितली आहे; आपली मर्यादा मात्र आपणच सांगावयाची आहे, आणि ती सांगण्याची वेळ पैसे मोजण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे.